प्रत कुणीच नेईना

माझ्या निजायच्या खोलीत सध्या दोनशे चाळीस पुस्तकं आहेत आणि नवरा नाही. छापखान्यातून गठ्ठे आले, भिंतीशी रचले, जागा संपली तेव्हा पलंगावर रचले. मग मालमांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आपली चटई आणि उशी उचलली आणि बाहेरच्या बैठकीत मुक्काम हलवला. जाता जाता म्हणाले, "मी एक सवत आणली असती तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. तू दोनशे चाळीस आणल्यास, मी काही बोललो का?"

बोलण्यासारखं काही नव्हतंच. ही सगळीच्या सगळी पुस्तकं विकली गेलेली आहेत. एकूण एक प्रतीचे पैसे कधीच आलेत. फक्त ज्यांनी पैसे दिले, त्या बाया प्रत न्यायला तयार नाहीत. पाया पडून झालं, ओरडून झालं, रिक्षाने घरपोच पाठवून झालं. रिक्षावाला गठ्ठा जसाच्या तसा परत घेऊन आला आणि वर वाडगाभर भाजलेले शेंगदाणे. आता तो वाडगाही परत करायला हवा, आणि तो रिकामा कसा करणार?

मी लिहिते. आमच्या कानो शहरात माझ्यासारख्या लिहिणाऱ्या बाया ढिगाने आहेत, त्यात मोठेपणा काही नाही. दुपारी भांडी आवरली की वहीत लिहायचं, सोमवारी आणि गुरुवारी एकेक प्रकरण फोनवर वाचकांच्या गटात टाकायचं. पहिली दहा प्रकरणं फुकट, पुढची पैसे पाठवणाऱ्यांना. निदान तसं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात एक पैसे पाठवते आणि तिच्या बहिणी, नणंदा, शेजारणी मिळून चाळीसजणी वाचतात. माझी दुसरी कादंबरी मला माझ्याच मावशीने पाठवली होती, "वाच गं, फार छान आहे" असं लिहून. त्यात लेखिकेचं नाव कुणीतरी कापून टाकलेलं होतं.

त्याच दिवशी मी ठरवलं, चौथी कादंबरी कागदावर छापायची. पाठीवर माझं नाव, येल्वा. ते कुणाला कापता येणार नाही असं. बाजारातल्या पुस्तकवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, छापू की, पण बाई, मुखपृष्ठावर रडणारी नटी पाहिजे, नाव मी ठेवणार आणि हक्क माझे. मी वही पोटाशी धरून परत आले. मग वाचकांनाच विचारलं, प्रत्येकीने दोन दोन हजार नायरा आधी द्या, मी स्वतः छापते, पुस्तक आलं की तुमची प्रत तुम्हाला.

महिन्याभरात किती आल्या? अकरा. इतर वेळी "पुढचं प्रकरण कधी, पुढचं प्रकरण कधी" म्हणून माझा जीव खाणाऱ्या शेकडो बाया एकदम मुक्या झाल्या.

मग मला ती कल्पना सुचली. माझीच होती. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, नाहीतर केव्हाच ढकलली असती.

आमच्या यकासाई मोहल्ल्यात डेलू नावाची बाई आहे. लग्न असो, बारसं असो, आहेर करणारीचं नाव मोठ्याने पुकारायचं हे तिचं काम. कुणाची लेक, कुणाची नात, काय आणलं, सगळं अशा आवाजात सांगते की तीन गल्ल्यांपर्यंत पोचतं. मी डेलूला घरी बोलावलं, चहा-पाव दिला, अकरा नावांची यादी हातात दिली आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला. तिने घसा खाकरला आणि सुरू झाली. "दोरायी वस्तीतली तालातू! मूसा खाटकाची लेक! हिने हात आखडला नाही हो! येल्वाच्या पुस्तकाला हिने दिलं!" अकराही जणींना तिने असं आभाळाला नेऊन भिडवलं आणि ते मी गटात टाकलं.

संध्याकाळपर्यंत अकराच्या तीस झाल्या. आठवड्यात नव्वद. प्रत्येकीला आपलं नाव डेलूच्या तोंडून ऐकायचं होतं. एकीने तर मृत आजीच्या नावानेही पैसे पाठवले. दोन महिन्यांत दोनशे चाळीस. मी स्वतःच्याच हुशारीवर इतकी खूश होते की सांगता सोय नाही.

मालम टोप्यांवर भरतकाम करतात. सुईतून डोळे न काढता ते म्हणाले, "डेलूने नाव पुकारलं की तो आहेर होतो, हे ठाऊक आहे ना तुला?"

"अहो, हा फोन आहे," मी म्हणाले. "फोनवर कसला आलाय आहेर!"

"बरं," ते म्हणाले आणि दोरा तोडला. त्यांच्या "बरं"ची मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

आमच्या बायांमध्ये बिकी असते. माझ्या मुलाच्या बारशाला तू दोन पातेली ठेवलीस, डेलूने चारचौघींत पुकारलं, की तुझ्या घरच्या कार्याला मी चार घेऊन जायचं. पुढे तू आठ आणायचीस. अगदीच डोईजड झालं की दोघींनी बसून ठरवायचं आणि पुन्हा दोनपासून सुरू करायचं. पण एक गोष्ट करायची नाही. जितकं आलं तितकंच मोजून परत करायचं नाही. तसं केलं की त्याचा अर्थ एकच, तुझा माझा संबंध संपला. माझ्या आईने उभ्या आयुष्यात फक्त एका बाईला जितकं तितकं परत केलं होतं. पुढे ती बाई शेजारच्या घरात वीस वर्षं राहिली आणि आईला ती दिसलीच नाही.

हे सगळं मला माहीत होतं. कानोत जन्मलेल्या बाईला हे माहीत नसेल तर काय माहीत असणार? तरी मी फोनसमोर डेलूला बसवलं. मी वाचकांकडून पुस्तकाची आगाऊ किंमत घेत होते आणि वाचक माझ्याशी सोयरीक जुळवत होते.

पहिला निरोप दोरायीच्या तालातूचा आला, तोही गटात, सगळ्यांदेखत. "येल्वाबाई, शुक्रवारी माझ्या नातवाचं बारसं आहे. तुझी जागा धरून ठेवलीय." मी या बाईला आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी अभिनंदन लिहिलं आणि फोनमधल्या फुलांच्या गुच्छाचं एक चित्र पाठवून दिलं.

शनिवारी तिचा निरोप. "फुलं पोचली. भाजी करून पाहुण्यांना वाढली." त्याखाली चाळीस बायांनी फक्त "हं" लिहिलं होतं.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. मोठी ईद होऊन गेली होती, लग्नांना नुसता ऊत आला होता. दोनशे चाळीस घरं! प्रत्येकीला लेकी, सुना, भाच्या, पुतण्या, आणि कुणीतरी सतत बाळंत होतच होती. एका शनिवारी चार कार्यं. डोक्यावर पातेली, पायाखाली चिखल, रिक्षातून उतरायचं, अनोळखी बायांना मिठ्या मारायच्या, भात खायचा, डेलूने माझं नाव पुकारलं की मान खाली घालायची, पुन्हा रिक्षात बसायचं. डेलू सगळीकडे असायचीच. तिचा धंदा माझ्यामुळे चौपट झाला होता. एकदा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "येल्वा, अशीच लिहीत राहा हं."

लिहीत राहा! गेल्या सहा आठवड्यांत मी एक ओळ लिहिली नव्हती. चौतीस प्रकरणं तयार होती, पस्तिसावं, शेवटचं, राहिलं होतं. छापखान्याने बजावलं होतं, शाळा उघडायच्या आत द्या, एकदा वह्यांची छपाई लागली की पुढल्या वर्षी भेटू. आणि शेवटचं प्रकरण हेच तर सगळं होतं. माझी सालामे शेंगदाण्याचं तेल काढणारी बाई. नवरा सगिरू तिचा घाणा तिच्या नकळत विकतो आणि त्या पैशांतून दुसरं लग्न करतो. सालामे घर सोडते, दुसऱ्यांच्या घाण्यावर राबते, पै पै करून आपला घाणा उभा करते. आणि शेवटी आजारी सगिरू तिच्या दारात येऊन उभा राहतो. ती दार उघडते का नाही? वर्षभर मी याच एका प्रश्नासाठी लिहीत होते. उत्तर माझ्या आत कुठेतरी होतं, पण ते यायला सलग चार दिवस गप्प बसावं लागलं असतं, आणि मला चार तास मिळत नव्हते.

आणि सगळ्यात संताप कशाचा येत होता सांगू? एवढ्या घरांत मी गेले, एवढ्या बाया भेटल्या, फुकटची दहा प्रकरणं सगळ्यांनी वाचलेली, तरी एकीनेही सालामेबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला वाचक हवे होते. मिळाल्या त्या विहिणी.

या सगळ्यांत कहर होती याया हान्ने. पन्नाशी ओलांडलेली, ग्वालेला राहणारी, माझी ना नात्याची ना गोत्याची. तरी पहिल्या भेटीतच तिने मला "पोरी" म्हटलं आणि स्वतःला याया म्हणवून घेतलं, म्हणजे मोठी बहीण झाली. रोज सकाळी तिचा फोन.

"उठलीस का? लिहितेस का? लिही, लिही. आणि ऐक, मंगळवारी मेंदी आहे."

"याया, शेवटचं प्रकरण राहिलंय गं."

"प्रकरण कुठे पळून चाललंय? मुलगी आयुष्यात एकदाच लग्न करते."

"याच मुलीचं गेल्या वर्षी झालं होतं ना?"

"ते मोडलं. म्हणून तर हे नीट व्हायला हवं. तू नाही आलीस तर लोक काय म्हणतील? आणि वाढायला हात कमी आहेत."

गेले. अंगणात बाया, पोरं, धूर, ढोलकी. मी घाण्याच्या बैलासारखी एका चटईवरून दुसऱ्या चटईवर फिरत होते. जरा कोपरा मिळाला म्हणून वही काढली, तर यायाने ती माझ्या हातातून घेतली आणि आत कपाटावर ठेवली. "तेल लागेल तिला," म्हणाली आणि माझ्या हातात तळलेल्या कोसाईची, चवळीच्या भज्यांची, परात दिली. "जा, तिकडच्या बायांना दे. त्यातल्या चार तू खा. वाळलीस."

शेवटी पस्तिसावं प्रकरण मी लिहिलं, पण कसं? अर्धं रिक्षात, चिखलात चाक रुतलं होतं तेवढ्या वेळात. उरलेलं यायाच्या परसात, वही मागून घेऊन, चुलीजवळच्या पोत्यावर बसून, एका हाताने भाताचं पातेलं ढवळत. सगिरू दारात आला, खोकला. सालामेने दार उघडलं, त्याच्यासाठी पाणी तापवायला ठेवलं. तीन पानांत सगळं गोड झालं. दुसऱ्या दिवशी वही छापखान्यात देऊन टाकली आणि म्हटलं, सुटले.

पुस्तक यायच्या आदल्या दिवशी मी मालमांना माझा निर्णय सांगितला. प्रत्येकीने एका प्रतीचे पैसे दिलेत, प्रत्येकीला एकच प्रत. जितकं तितकं. वर काही नाही, पातेलं नाही, कापड नाही, सुपारीसारखी हातावर ठेवतात ती कोलाची बीसुद्धा नाही.

मालमांनी सुई खाली ठेवली. असं ते क्वचित करतात. "दोनशे चाळीस बायांशी एकाच दिवशी संबंध तोडणार? अगं, राजवाड्यातल्या अमीरालाही एवढे शत्रू जमले नसतील."

"मला संबंध नकोतच मुळी. मला लिहायचंय."

"बरं," मालम म्हणाले.

मी गटात लिहिलं, पुस्तकं आली आहेत, आपापली प्रत घेऊन जा. पहिली तालातूच आली. बसली, पाणी प्यायली, घरातल्या कोंबड्यांचीसुद्धा चौकशी केली. मी प्रत तिच्यापुढे धरली. तिने प्रतीकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. तो रिकामा होता. तिने हळूच आपले दोन्ही हात ओढणीत घेतले.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "मी येईन पुन्हा."

"अगं, आलीच आहेस तर ने की."

"पिशवी नाही आणली."

"हातात धरून ने!"

"हात दुखतोय गं."

दुसरी आली, तिचाही हात दुखत होता. तिसरीला वजन उचलायला डॉक्टरने मनाई केली होती. पुस्तक दीडशे पानांचं! दिवसभरात सतरा बाया आल्या आणि सतराही जणी मोकळ्या हातांनी गेल्या. मी डोक्याला हात लावून बसले. प्रत हातात घेतली असती तर संबंध संपला असता. मी तोडायला निघाले होते आणि त्या तुटू द्यायला तयार नव्हत्या. न घेतलेली प्रत माझ्याकडे राहील तोवर मी त्यांना बांधलेली, एवढा साधा हिशेब.

पण वाचायची तर प्रत्येकीला होती. मग त्यांनी काय करावं? दुसऱ्या दिवसापासून त्या वाचायला माझ्याच घरी यायला लागल्या! ओसरीवर चटया अंथरायच्या, दहा-बाराजणींनी बसायचं, एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. जाताना प्रत ओढणीने पुसून पुन्हा गठ्ठ्यावर ठेवायची. मालम संध्याकाळी दारातल्या चपला मोजायचे. "आज एकोणीस जोड. काल सोळा होते. तुझं पुस्तक चाललंय."

"घरी नेऊन वाचा!" मी ओरडायचे.

"इथे बरं वाटतं गं," त्या म्हणायच्या. "प्यायला गार पाणी आहे का?"

आता खरं सांगायचं तर, ओरडून झाल्यावर मी आत पडद्यामागे उभी राहून ऐकायचे. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा माझा हा पहिलाच प्रसंग. त्या बरोबर जिथे हसायला हवं तिथे हसत होत्या. एकोणिसाव्या प्रकरणात घाणा विकला जातो, तिथे तालातू रडली, मग सगळ्याच रडल्या. मग सगिरूला काय शिक्षा व्हावी यावर दुपारच्या नमाजापर्यंत कडाक्याचं भांडण झालं. मला इतका आनंद झाला की पडद्यातच तोंड खुपसून हसले. या बायांना सालामे ठाऊक होती. इतके दिवस त्या तिच्याविषयी बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या लेखी ती माझ्या घरातली बाई होती, आणि चारचौघींत कुणाच्या घरातलं काढायचं नसतं.

आणि मग शेवटचं प्रकरण यायचं. वाचणारी शेवटची ओळ वाचायची. "छान," कुणीतरी म्हणायची. "अल्ला तुला आयुष्य देवो." ओढण्या सावरायच्या, चपला घालायच्या, निघून जायच्या. रडणं नाही, भांडण नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, दमल्या असतील. तिसऱ्या दिवशी म्हटलं, घरी स्वयंपाक राहिला असेल. आठव्या दिवशी मी शेवटच्या प्रकरणाच्या वेळी पडद्यामागे उभं राहणंच सोडून दिलं.

नवव्या दिवशी याया हान्ने आली. एकटीच. बाकीच्यांत ती बसली नाही. ती वयाच्या पन्नाशीनंतर बायांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचते, आणि कुणी मोठ्याने वाचून दाखवलेलं तिला चालत नाही. आतल्या खोलीत गठ्ठ्यांना टेकून बसली आणि वाचायला लागली. संध्याकाळी पानात शेंगदाण्याचं टरफल खूण म्हणून ठेवून गेली. असे पाच दिवस. पाच दिवसांत मला कुठल्या बारशाचं, कुठल्या मेंदीचं बोलावणं केलं नाही. मला वाटलं, आजारी आहे की काय ही.

पाचव्या दिवशी दुपारी तिने पुस्तक मिटलं. मी चहा पुढे ठेवला. इतक्या बाया येऊन गेल्या, मी एकीलाही विचारलं नव्हतं. तिला विचारलं.

"कसं वाटलं?"

"साखर कमी आहे."

"याया! पुस्तक."

तिने चहाचा घोट घेतला. "चौतीस प्रकरणं ही बाई ताठ उभी राहिली. घाणा गेला तरी वाकली नाही. उपाशी राहिली, परक्यांच्या घाण्यावर राबली. आणि पस्तिसाव्यात हा दारात येऊन नुसता खोकला, की हिने पाणी तापवायला ठेवलं?"

"माफ केलं तिने त्याला."

"कधी?"

"म्हणजे... तेव्हाच. आतल्या आत."

"कुठल्या पानावर?" तिने पुस्तक माझ्यापुढे केलं. "मी एकेक अक्षर लावून वाचते, पोरी. माझ्याकडून कधी कधी निसटतं. मला ते पान दाखव."

मी पुस्तक हातात घेतलं. पान नव्हतंच, तर दाखवू काय? आणि मग माझा तोल सुटला. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं.

"कुठून दाखवू पान? कधी लिहिणार होते मी ते? तुझ्या मुलीची मेंदी, तुझ्या मुलीची वरात, तालातूचा नातू, हिची सून, तिची नणंद! पस्तिसावं प्रकरण लिहायचं होतं तेव्हा माझी वही तुझ्या कपाटावर होती आणि माझ्या हातात परात होती! तीन पानं मी तुझ्या परसात भात ढवळत लिहिली, याया! पुस्तकासाठी पैसे दिलेत आणि पुस्तक लिहूच दिलं नाहीत! आता मला पान विचारतेस!"

ओसरीवरच्या बाया वाचायच्या थांबल्या. यायाने कप खाली ठेवला.

"म्हणजे ते पान माझ्या घरी राहिलं," ती म्हणाली.

"हो!"

"तरीच. मी म्हटलं, ही अशी का वागली." "मला वाटलं, माझी अक्षरं चुकताहेत. दोनदा वाचलं मी."

मला वाटलं, आता ही रागावणार आणि प्रत घेऊन जाणार. ती उठली, गठ्ठ्यावरून एक प्रत उचलली. इतके दिवस मला हेच तर हवं होतं, एकीने तरी प्रत न्यावी, तोडावं, मला सोडावं. आणि ती आता नेणार म्हटल्यावर मला नको झालं. मी म्हणणार होते, याया, थांब.

तिने पुस्तक शेवटाशी उघडलं, पस्तिसाव्या प्रकरणाची पानं चिमटीत धरली आणि टर्रकन फाडली.

मी किंचाळले. माझं पहिलं छापील पुस्तक! ओसरीवरच्या बाया दारात धावून आल्या.

"ओरडतेस काय?" याया म्हणाली. "एकीने तरी नेलंय का हे? नाही ना? मग तू हे अजून कुणाला दिलेलंच नाहीस. घरातली चूक घरातच आहे. बस आणि लिही." तिने दुसरी प्रत उचलली. "परवा माझ्या धाकटीचं लग्न आहे. तू यायचं नाहीस. आलीस तर दारातून हाकलून देईन, सगळ्यांदेखत."

"आणि माझ्या धाकट्या सुनेच्या बाळाचं बारसं?" दारातून तालातू म्हणाली.

"तिथेही येणार नाही. ती लिहितेय."

"कधी संपेल?"

"संपेल तेव्हा."

तालातूने माझ्याकडे पाहिलं. मग ती आत आली, यायाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि गठ्ठ्यातली एक प्रत ओढून घेतली. पानं फाडायचा आवाज दुप्पट झाला. बाकीच्या बाया आपण होऊन चपला घालून निघाल्या.

मी वही काढली. पहिला अर्धा तास मला काही लिहिता आलं नाही, कारण मला रडू आवरेना आणि कागद ओला होत होता. वर्षभर मी जगाला ओरडून सांगत होते, मी लिहितेय, मला लिहू द्या. आज पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं होतं. मग सगिरू पुन्हा दारात येऊन उभा राहिला आणि खोकला, आणि या वेळी मी सालामेला घाई केली नाही.